वरची शाळा, खालची शाळा

धाकटीने पालकांच्या अर्जांचा गठ्ठा थोरलीच्या टेबलावर ठेवला आणि आता ही काय म्हणते ते ऐकायला खुर्चीत सावरून बसली.

थोरलीने गठ्ठा पुढे ओढला. चष्मा लावून एकेका अर्जावर सही करत गेली. ही सही झाली की मुलाला शाळा सोडल्याचा दाखला मिळणार होता.

“चौथीचा अख्खा वर्ग दिसतोय,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“पालकांचीच इच्छा आहे, ताई. मी काय करणार?”

“खरंय. तू काय करणार.”

ही इच्छा पालकांच्या मनात उगवावी म्हणून धाकटीने दारोदार फिरून चपला झिजवल्या होत्या. ते दोघींनाही ठाऊक होतं.

वरच्या रस्त्यावरची शाळा धाकटीची, खालच्या रस्त्यावरची थोरलीची. दोन्ही सरकारी. मुलं कमी होत चालली म्हणून शिक्षण समितीने दोन्हींची मिळून एकच शाळा करायचं ठरवलं होतं. एक शाळा म्हणजे एकच मुख्याध्यापिका. दुसरीने तिच्या हाताखाली वर्ग घ्यायचा. सख्ख्या बहिणीपुढे रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं, या विचारानेच धाकटीची झोप उडाली होती.

ज्या शाळेचा पट मोठा ती राहणार, ही बातमी तिला फोनवर ताईनेच दिली होती. “माझा पट तर तुझ्याहून बराच जास्त आहे गं,” ती म्हणाली होती. “तू जरा बघ बाई तुझं.”

ते ‘बघ बाई तुझं’ धाकटीला चांगलंच झोंबलं. लहानपणापासून हेच चाललं होतं. घरी आलेला पाहुणा आधी थोरलीचं अक्षर बघायचा, मग थोरलीचं गाणं ऐकायचा आणि निघताना ‘ही धाकटी का?’ म्हणून विचारायचा. धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा. मग तिने थोरलीचं काही ना काही मागून घ्यायची सवयच लावून घेतली. निळा फ्रॉक, खिडकीजवळची झोपायची जागा, पुढे आईचं शिलाई मशीन. थोरली मुकाट्याने देऊन टाकायची. दिलेलं कधी परत मागायची नाही, आणि त्याचंही पुन्हा घरभर कौतुक. घेतलेल्या वस्तूची मजाच जायची.

शेवटच्या अर्जावर सही करून थोरलीने पेनाला टोपण लावलं. “एवढी मुलं बसवणार कुठे?”

“बसतील दाटीवाटीने. वाचनालयाची खोली रिकामी करतेय. प्रयोगशाळेतही एक तुकडी बसेल.”

“मग आमची बाकं ने की. इथे धूळ खात पडणार.”

धाकटीला हसू आवरेना. बाकं टेम्पोत चढताना थोरली व्हरांड्यात उभी होती. एक बाक दाराला अडलं तेव्हा तिने स्वतः पुढे होऊन ते तिरकं करून दिलं.

वरची शाळा भरली. तिसरीचे दोन गट एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसू लागले. पाचवीचा वर्ग जिन्याखाली गेला. धाकटीने स्वतःच्या ऑफिसात पडदा लावून अर्धी जागा पहिलीला दिली. पडद्यापलीकडून पाढे ऐकू आले की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

“तुझ्या ताईकडे समितीचा इंजिनिअर आला होता,” एकदा जेवताना नवरा म्हणाला. “खोल्यांना टेप लावत होता. ताईंनी चहाही पाजला म्हणे.”

“पाडायच्या आधी मोजतातच हो,” धाकटी म्हणाली. तिला ताईची दया आली. आयुष्यात पहिल्यांदाच आली, आणि तिने ती चवीचवीने अनुभवली.

समितीच्या बैठकीला दोघी एकाच बाजूला बसल्या. अध्यक्षांनी आधी धाकटीलाच विचारलं, “बाई, तुमच्याकडे आणखी किती मुलं मावतील?”

“मावणार कुठून, साहेब?” धाकटी मान ताठ करून म्हणाली. “मुंगीला शिरायला जागा नाही.”

“पाहिलंय आम्ही,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे प्रश्नच मिटला. दोन्हीकडची मुलं एका छपराखाली बसवायची तर खोल्या हव्यात. खालच्या शाळेत त्या रिकाम्या आहेत, इंजिनिअर साहेबांनी मोजून दिल्यात. मागच्या सत्रात आलो असतो, तर तुमचीच शाळा ठेवली असती. तेव्हा जागा तुमच्याकडे होती.”

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. “पण पट… पट माझा मोठा आहे.”

“पटाचा काय संबंध? मुलं दोन्हीकडची आपलीच.”

“पट बघूनच ठरणार, असं म्हणतात ना?”

“कोण म्हणतं?” अध्यक्षांनी विचारलं.

धाकटीने शेजारी पाहिलं. थोरली पदराने चष्म्याच्या काचा पुसत होती. काचा स्वच्छ झाल्यावर तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बहिणीच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

“सोमवारी येताना,” ती म्हणाली, “माझी बाकं घेऊन ये.”