कोपऱ्यातलं बोट

स्मार्ट बोर्डावरच्या नकाशात खरमाटे बाईंनी चंद्रपूरवर बोट ठेवलं आणि बाण नेहमीसारखा वरच्या कोपऱ्यात पळाला. चौथीची मुलं हसलीसुद्धा नाहीत. तीन महिन्यांत त्यांनाही सवय झाली होती.

बाईंनी मुकाट्याने खडू उचलला. कंपनीकडे सतरा तक्रारी करून झाल्या होत्या; दर वेळी फोनवरची मुलगी सांगायची, "बंद करून चालू करा." मुख्याध्यापकांचं पालुपद वेगळंच, "पोरांनीच हात लावून बिघडवलाय." त्यांच्याच हुकमाने बोर्डाखाली कागद चिकटवला होता, 'मुलांनी हात लावू नये.'

तेवढ्यात दारात दुरुस्तीवाला उभा राहिला. त्याने बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली चौकट नखाने खरवडली, ओल्या फडक्याने पुसली. फडकं लाल झालं.

"उद्घाटनाला कुंकू लावलंत ना, बाई? ते सेन्सरवर वाळलंय. बोर्डाला वाटतंय, तिथे कुणीतरी बोट टेकवूनच उभं आहे."

बाईंना संस्थेच्या अध्यक्षांचं ते कुंकवात बुडालेलं जाडजूड बोट आठवलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

बोर्ड चालू झाल्याचं कळताच मुख्याध्यापक धावत आले. "वा! अध्यक्षांना फोन लावतो. नारळ, हार... पुन्हा एकदा रीतसर पूजा करून घेऊ!"

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कागदावरच्या 'मुलांनी'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'मोठ्यांनी'.

मग पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या, "ये गं, चंद्रपूर दाखव."