दुसरा हादरा

कोयनानगरच्या वरच्या वस्तीवर समीक्षा चार वर्षं सासूचं सगळं करत होती. साळूबाईचं कमरेखालचं अंग लुळं पडलेलं. भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं समीक्षाच्याच हातानं.

त्या दुपारी धरणी हादरली. मांडणीवरची भांडी खणखणत खाली आली. समीक्षा आत धावली, दोन्ही हातांनी उचललं आणि थेट अंगण गाठलं. तिथं आल्यावर तिला कळलं, खांद्यावरून सासू केव्हाची ओरडतेय.

"अगं, लेकरू! लेकरू ऱ्हायलं आत!"

ती माघारी पळाली. पाळण्याशेजारी कौलांचा चुरा पडला होता. सहा महिन्यांचा शंभूराज जागा होता. रडत नव्हता, नुसता दाराकडं बघत होता.

त्याला छातीशी घट्ट धरून ती सासूजवळ अंगणात बसली. तोच दुसरा हादरा आला. समीक्षा भानावर आली तेव्हा तिचे दोन्ही हात सासूच्या काखेत होते, आणि शंभूराज पलीकडं मातीत पालथा पडला होता.

संध्याकाळी लेक घरी आला तशी साळूबाई त्याला म्हणाली, "मला आजच्या आज कोरेगावला तुज्या आक्काकडं सोड."

"माझं काय चुकलं, आत्याबाई?" समीक्षानं विचारलं.

"काय बी न्हाई, पोरी. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं केलंस." साळूबाईनं नातवाला आपल्याकडं ओढून घेतलं. "पर आता मला तुज्या हातांचं भ्या वाटतंया."