थोरल्याचा पाव

पाव परत आला होता.

काल संध्याकाळी सासऱ्यांनी तो धक्क्यावरून तळ्यात फेकला, तो बुडताना सगळ्यांनी पाहिला. आणि आज सकाळी तो धक्क्याच्या पायरीवर बसला होता. पाण्याच्या वर, तिसऱ्या पायरीवर. ओला, अख्खा, कुठेही दात न लागलेला. ताटातलं नको ते बाजूला काढून ठेवावं, तसा.

"वाऱ्याने आला असेल," जावई म्हणाला. तो घड्याळजी होता. कशालाही काहीतरी कारण असतं अशी त्याची समजूत होती.

"वारा पायऱ्या चढतो का, जावईबापू?" सासरे म्हणाले.

दर उन्हाळ्यात आठवडाभर हे कुटुंब तळ्याकाठच्या लाकडी घरात यायचं, आणि आल्या संध्याकाळी थोरल्याला पाव टाकायचा हा सासऱ्यांचा चाळीस वर्षांचा नेम. थोरला म्हणजे तळ्यातला मासा. निदान सासरे त्याला मासा म्हणत. त्याच्या मिशा वल्ह्याएवढ्या जाड, आणि तो कूस बदलतो तेव्हा पलीकडच्या काठावरच्या होड्या हलतात, असं ते सांगत. घरातले हसत. पण पाव टाकल्याशिवाय पाण्यात कुणी उतरत नसे.

जावयाला गहू चालत नव्हता. कणभर पोटात गेला की दोन दिवस अंथरूण. नऊ वर्षं तो इथे आपला निळी पट्टी लावलेला तवा, निळ्या पट्टीची सुरी आणि स्वतःचे डबे घेऊन यायचा आणि टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी एकटा जेवायचा. अगदी एकटा नव्हे, बायको शेजारी असायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्याच्यासाठी गहू सोडला होता. संध्याकाळी तो दुकानातून घरी पोचला की ती नुकते दात घासून दार उघडायची. ओटा लख्ख पुसलेला, केर दुसऱ्यांदा काढलेला. इतकं जपणारी बाई शोधून सापडायची नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि त्यांना ऐकावंच लागायचं, कारण त्यांचं घड्याळ उघडं करून याने हातात धरलेलं असायचं.

यंदा सासूबाईंनी हुकूम काढला. त्या तीस वर्षं दवाखान्यात मोठ्या सिस्टर होत्या, त्यांच्या हुकमावर डॉक्टरही बोलत नसत. सगळ्यांना एकच स्वयंपाक. गहू आठ दिवस आधीपासून बंद, म्हणजे कपड्यांना, हातांना लागून इथवर यायला नको. जावई पहिल्यांदाच टेबलाच्या मधोमध बसला आणि त्याचे डोळे भरून आले. थोरल्याचा पावही अर्थातच तांदूळ-मक्याचा झाला.

"त्याने ओळखलं," सासरे पायरीकडे बघत म्हणाले. "चाळीस वर्षं मीच त्याला गव्हाची चटक लावली. आता तो गहू शोधत हिंडणार. कुणाच्या पोटात असला तर तिथून काढून घेईल. मी बाजारातून पाव आणतो. तोवर उतरू नका."

"या घरात गव्हाचा कण येणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आणि भ्यायचं कशाला?" मेहुणा म्हणाला. "दाजींच्या कृपेने आठ दिवस आपण विटा चावतोय. थोरला वास घेईल आणि रडत घरी जाईल."

जावई हसला, पण त्याच्या मनाला लागलं. चाळीस वर्षांचा नेम आपल्या पोटापायी मोडला. म्हणून तोच सगळ्यांच्या आधी उतरला. पाणी छातीपर्यंत आलं. मागून मेहुणा उतरला, सासूबाई उतरल्या. बायको मात्र त्या पावाशेजारी पाय वर घेऊन बसून राहिली.

"मी आज नाही येत."

"का गं?"

"गार असेल."

"बाकीच्यांनी भ्यावं, तू कशाला? तुझ्या पोटाला नऊ वर्षं गव्हाचा वारा नाही." त्याने हात पुढे केला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हात धरला आणि उतरली.

पलीकडच्या काठावरच्या होड्या हलल्या.

वारा नव्हता. एकीमागून एक, ओळीने हलल्या. मग तळ्याच्या मध्यावर पाणी फुगलं. पांघरुणाखाली कुणी कूस बदलावी तसा एक लांब, बुटका उंचवटा तयार झाला आणि काठाकडे येऊ लागला. त्याला काही घाई नव्हती.

"हलू नका," सासरे धक्क्यावरून म्हणाले.

उंचवटा मेहुण्याभोवती फिरला. मेहुणा हात वर करून उभा होता, हसणं तोंडावर तसंच राहून गेलेलं. उंचवटा पुढे सरकला. सासूबाईंनी त्याच्याकडे नाठाळ पेशंटकडे बघावं तसं रोखून पाहिलं. त्यांनाही त्याने सोडलं. मग जावयाच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. वल्ह्याएवढं जाड, पण मऊ. ते वर सरकलं, त्याच्या पोटावरून सावकाश फिरलं, थांबलं, आणि निघून गेलं.

त्याने श्वास सोडला. संपलं, असं सांगायला तो बायकोकडे वळला.

उंचवटा तिच्यासमोर उभा होता. पुढे जात नव्हता. तिची नखं त्याच्या तळहातात रुतली.

"अगं, घाबरतेस काय?" तो म्हणाला. "तुझ्यापाशी त्याला काय मिळणार?"

तिने डोळे मिटले.

"रोज दुपारी," ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की."