आईची राहिलेली इच्छा

दहाव्याचा पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. गुरुजींनी मृदुलाला विचारलं, "आईंचं काही मनात राहिलं होतं का?"

तिला आठवेना.

"अगं, फोनला विचार," काका म्हणाले. "वहिनींचं बारा वर्षांचं घरातलं बोलणं फोनच्या कंपनीकडे आहे. कावळ्यापेक्षा फोन नेमकं सांगेल."

घराघरातलं बोलणं साठवण्याचा कायदा झाल्यापासून आई कमीच बोलायची. मृदुलाने वारस म्हणून फोनवर अंगठा टेकवला आणि आईची इच्छा विचारली. आईचा आवाज आला, मागे स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. ती बोलणं टिपणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रालाच सांगत होती, "मी गेल्यावर तरी हे सगळं पुसून टाका हो. माझं बोलणं कुणाजवळ राहायला नको."

काका खाली बघू लागले.

"तसा शब्द द्या त्यांना," गुरुजी हळूच म्हणाले. "लगेच शिवेल."

मृदुलाने फोनवर शोधलं. पुन्हा ऐकण्याची सोय होती, नातेवाइकांना पाठवण्याचीही होती. पुसण्याची नव्हती, कायद्याने ती ठेवलीच नव्हती. समोरच्या झाडावर तीन कावळे बसून होते. आईला खोटा शब्द देणं तिला जमणार नव्हतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "दर्भाचा कावळा करून शिववा."