कोपऱ्यावरचं झाड

उद्यान खात्यात उभं आयुष्य काढलेल्या बाबांनी गल्लीच्या तोंडाशी ते परदेशी झाड स्वतःच्या हातांनी लावलं होतं. आता त्याच खात्यात लेक अधिकारी होती आणि असली झाडं काढून टाकायचं काम नेमकं तिच्याकडे आलं होतं. त्या झाडाखाली गवत उगवत नव्हतं, की फांदीवर कधी घरटं दिसलं नव्हतं.

बाबांना हल्ली नातवाचं नावही आठवत नसे. तरी झाड पडताना बघून त्यांच्या जिवाला लागलं असतं, म्हणून दुपारी ते झोपलेले असतानाच तिने करवत चालवून घेतली. बुंधा उपटला, खड्डा बुजवला, वर फरशीही बसवली.

"त्यांना पत्तासुद्धा लागणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

संध्याकाळी बाबा नेहमीसारखे फिरायला गेले, ते अंधार पडला तरी परतले नाहीत. ती धावतच कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेली.

"अहो ताई, ते तर मघाशीच इथून पुढे निघून गेले. मी हाक मारली, म्हटलं, काका, तुमची गल्ली ही काय इथे!

तर म्हणाले, 'छे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी झाड आहे.'"