चार नंबरचा व्हॉल्व्ह

अंतराळयानाच्या इंजिनात बिघाड झाला की पूर्वी सगळे जोडणी विभागातल्या मास्तरांकडे धावायचे. बिघाड शोधणारा प्रोग्राम आल्यापासून त्यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं. मास्तर आतल्या आत जळत होते. आज जमिनीवरच्या चाचणीत इंधनाचा दाब घसरला आणि प्रोग्रामने क्षणात सांगितलं, “चार नंबरचा व्हॉल्व्ह.” व्हॉल्व्ह बनवणाऱ्या बाईंनी तो खोलून पाहिला, तर ठणठणीत. गळत होता मास्तरांनी जोडलेला पाइपचा सांधा. तरी मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “बघा, तुमचं लाडकं बाळ तोंडावर आपटलं.” “पण हे शिकलं कुठून?” म्हणत साहेबांनी प्रोग्रामला शिकवलेले जुने अहवाल उघडले. एकात हुबेहूब असाच दाब घसरला होता. दोष बाईंच्या व्हॉल्व्हवर आणि खाली मास्तरांची सही. त्याच वर्षी बाईंची बढती हुकली होती. बाईंनी व्हॉल्व्ह पुसून मास्तरांपुढे ठेवला. “मास्तर, बाळ तुमच्यावरच गेलंय.”