माइक चालूच होता

तक्रारींच्या फोनवर दिवसभर शिव्या खायच्या आणि त्या पचवायला कंपनीची फुकट बिस्किटं, यात तिच्या पोटाचं मातेरं झालं होतं. आज तिनं डब्यात गाजरं आणली होती. एक गिऱ्हाईक बिघडलेल्या फ्रीजवरून तिचा बाप काढत असताना माइक बंद समजून तिनं गाजराचा कटकन तुकडा तोडला. गिऱ्हाईक थबकलं. "खाताय काय बाई?" शेजारी साहेब हेडफोन लावून तोच कॉल ऐकत होते, आणखी एक चूक झाली की नोकरी गेलीच. पण खोटं बोलायचाही तिला वैताग आला होता. "गाजर. गोड निघालंय." "सकाळपासून उपाशी आहे मी. थांबा, त्या भिकार फ्रीजमध्ये काकडी आहे." मग दोन्हीकडं कुरुमकुरुम सुरू झालं. "मेकॅनिक उद्या पाठवलात तरी चालेल." साहेबांनी डोळे वटारले. तिनं त्यांच्यापुढं डबा सरकवला. तिथूनही कटकन आवाज आला.